पाचशेव्या क्रमांकाचा हिशेब

गडहिंग्लजकडच्या एका पालकांनी मला सविस्तर लिहून विचारले आहे. मुलगा अठरा वर्षांचा, यंदा बारावी झालेला. राज्याच्या कनिष्ठ गटात पहिल्या पाचांत असतो आणि आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, काही ज्युनिअर स्पर्धाही खेळून आला आहे. त्याला आता कॉलेज बाजूला ठेवून पूर्णवेळ व्यावसायिक टेनिस खेळायचे आहे. घरचा ऊस आहे आणि जोडीला शिरोलीतल्या कारखान्यांना माल देणारे लहानसे मशीन शॉप आहे. पालक लिहितात, ‘जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात जाणे किती अवघड आहे हे आम्ही जाणतो, पण चारशे-पाचशेपर्यंत पोहोचला तरी त्यावर त्याचे पोट चालेल का, आणि त्यासाठी दीड एकर रान विकावे का?’

पोट चालणार नाही आणि रान विकू नये, हे माझे उत्तर आहे. मात्र मुलाने खेळू नये असे मी म्हणत नाही.

मी स्वतः १९९६ ते २००२ या काळात कोल्हापुरातून बाहेर पडून व्यावसायिक स्पर्धा खेळलो आणि माझा सर्वोत्तम क्रमांक आठशेच्या घरात थांबला. त्या वेळी सॅटेलाइट स्पर्धा असत. चार आठवडे एकाच देशात फिरायचे आणि गुण मिळायचे ते चारही आठवड्यांचा हिशेब होऊन शेवटी. त्यानंतरची वीस-बावीस वर्षे मी इथेच शिकवतो आहे. माझ्याकडची चार मुले या वाटेने गेली, त्यांतला एकच सहाशेच्या आत पोहोचला. पुढे जे लिहितो आहे त्यातले बरेचसे या पाच जणांच्या वह्यांमधून आलेले आहे, कारण खर्चाची वही ठेवल्याशिवाय मी कोणालाही विमानात बसू देत नाही.

कोल्हापूरच्या माणसाला टेनिसची उतरंड समजावताना मला जत्रेतले कुस्तीचे मैदान सोयीचे पडते. मैदानाची सुरुवात रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्यांनी होते, मग शंभर-पाचशेच्या लागतात आणि दिवस मावळताना पहिल्या क्रमांकाची मोठ्या इनामाची जोड सुटते. टेनिसमध्ये वरच्या टोकाला चार ग्रँड स्लॅम, त्याखाली पुरुष व्यावसायिक खेळाडूंच्या एटीपी संघटनेची टूर, त्याखाली चॅलेंजर आणि सर्वांत खाली आयटीएफच्या एम-१५ आणि एम-२५ स्पर्धा, ज्यांना जुने लोक अजून फ्युचर्स म्हणतात. फरक इतकाच की नारळाची कुस्ती करणारा पोरगा आपल्याच तालुक्यातल्या जत्रेला सायकलवरून जातो आणि रात्री घरच्या भाकरीला परत येतो, तर टेनिसमधल्या नारळासाठी ट्युनिशियाला किंवा तुर्कस्तानला जावे लागते.

तो नारळ केवढा असतो ते पाहू. एम-१५ स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १५,००० डॉलर असते. ती एका माणसाला मिळते असा समज मी अनेक पालकांच्या तोंडून ऐकला आहे, म्हणून स्पष्ट लिहितो: ती एकेरीच्या मुख्य ड्रॉमधल्या, म्हणजे स्पर्धेच्या मुख्य सामन्यांच्या यादीतल्या, ३२ खेळाडूंत आणि दुहेरीच्या जोड्यांत वाटली जाते. एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर मिळतात, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला ७५२ आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला १५६. डॉलर ८५ रुपयांना धरला तर पहिल्या फेरीचे साधारण तेरा हजार रुपये झाले, आणि त्यातूनही त्या देशाचा कर कापून उरलेले हातात येतात. हे सर्व मुख्य ड्रॉमध्ये नाव असणाऱ्यांचे. त्याआधीच्या क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे मुख्य ड्रॉमध्ये शिरण्यासाठीच्या पात्रता फेऱ्यांत, दोन-तीन सामने खेळून बाहेर पडणाऱ्याला एक रुपयाही मिळत नाही आणि एटीपीचा गुणही मिळत नाही.

खर्चाच्या बाजूला, भारतातल्या स्पर्धेचा आठवडा खोली दुसऱ्या मुलाबरोबर वाटून घेतली तरी तीस-पस्तीस हजारांच्या खाली येत नाही. परदेशातला आठवडा विमानाचे भाडे वाटून धरले तर सत्तर हजार ते एक लाखापर्यंत जातो. वर्षात पंचवीस आठवडे खेळायचे म्हटले, त्यातले दहा देशात आणि पंधरा बाहेर, तर प्रशिक्षक सोबत न नेताही पंधरा ते अठरा लाख रुपये लागतात. तोच मुलगा प्रत्येक स्पर्धेत मुख्य ड्रॉमध्ये शिरून सरासरीने दुसऱ्या फेरीत हरला, जी काही वाईट कामगिरी नव्हे, तर आठवड्याला २५८ डॉलर या दराने त्याची वर्षाची कमाई साडेपाच लाखांपर्यंत जाते. उरलेली रक्कम घरातून येते. आयटीएफने २०१३ सालच्या आकड्यांचा अभ्यास केला तेव्हा असे दिसले की व्यावसायिक स्पर्धांत उतरलेल्या सुमारे १४,००० खेळाडूंपैकी जवळजवळ निम्म्यांना बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नव्हता, आणि प्रशिक्षकाचा खर्च न धरता जमाखर्च बरोबरीत येण्यासाठी पुरुषांमध्ये ३३६ व्या आणि महिलांमध्ये २५३ व्या क्रमांकापर्यंत यावे लागत होते. तुम्ही विचारलेला चारशे-पाचशेचा क्रमांक या रेषेच्या खालचा आहे.

दुसरी गोष्ट क्रमांकाच्या स्वरूपाची आहे आणि ती पैशांहून जास्त त्रास देते. रँकिंग ही मालकीची जमीन नाही, ती वर्षाच्या खंडाने केलेली जमीन आहे. मिळवलेला प्रत्येक गुण ५२ आठवड्यांनी आपोआप निघून जातो आणि त्याच आठवड्यात पुन्हा तितकेच मिळवले नाहीत तर क्रमांक घसरतो. एम-१५ जिंकली की १५ गुण, अंतिम फेरीत हरले तर ८, उपांत्य फेरीत ४, उपउपांत्य फेरीत २ आणि दुसऱ्या फेरीत हरले तर १. पहिल्या फेरीत शून्य. जागतिक यादीत हजाराच्या आसपास दिसायला ढोबळमानाने पंधरा-वीस गुण पुरतात, पाचशेच्या आसपास यायला शंभराच्या आतबाहेर लागतात. म्हणजे एक स्पर्धा जिंकून कोणी एकदम सातशे-आठशे जागा वर उडतो, वर्तमानपत्रात फोटो येतो, चौकात फलक लागतो आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात घोटा मुरगळून घरी बसला असेल तर तो मनुष्य यादीतून जवळजवळ नाहीसा होतो. सहा महिने किंवा अधिक काळ खेळता आले नाही तरच प्रोटेक्टेड रँकिंग, म्हणजे दुखापतीआधीचा क्रमांक स्पर्धांच्या प्रवेशासाठी वापरण्याची सवलत, मागता येते. चार महिन्यांच्या दुखापतीला कोणतेही संरक्षण नाही. माझ्या विद्यार्थ्याला नेमके चारच महिने बसावे लागले होते. त्या काळात तो दर सोमवारी सकाळी यादी उघडून पाही आणि मग दिवसभर कोणाशी बोलत नसे.

एक आठवडा जवळून दाखवतो. ट्युनिशियातले मोनास्तिर, तुर्कस्तानातले अंताल्या आणि इजिप्तमधले शर्म अल शेख या ठिकाणी एकाच रिसॉर्टमध्ये आठवड्यामागून आठवडे एम-१५ स्पर्धा होत आल्या आहेत, त्यामुळे एकदा गेलेला मुलगा चार आठवडे तिथेच राहतो. बहुतेक वेळा स्पर्धेच्याच हॉटेलात राहावे लागते. आमचा मुलगा, म्हणजे माझा एक विद्यार्थी, आणि पुण्याचा एक मुलगा एका खोलीत होते. दोघांनी मिळून रॅकेटची तार ताणायचे एक लहान गटिंग मशीन बॅगेतून नेले होते, कारण तिथे एका रॅकेटच्या गटिंगला जे द्यावे लागते त्यात इथे दोन दिवसांचे जेवण होते. दोनशे मीटरच्या रिळात साधारण सोळा रॅकेटी होतात. रोज रात्री एक जण पलंगावर बसून गट ताणायचा आणि दुसरा उद्याच्या सामन्याची वेळ विचारायला खाली जायचा. प्रवेशयादीत नाव नसल्याने पहिल्या आठवड्यात आमचा मुलगा ऑल्टरनेट, म्हणजे राखीव, म्हणून टेबलापाशी सही करून संध्याकाळपर्यंत थांबला आणि कोणीतरी न आल्यामुळे त्याला क्वालिफाइंगमध्ये जागा मिळाली.

सामना सहा-सात कोर्टे ओलांडून कडेच्या कोर्टवर झाला. चेंडू उचलायला कोणी नाही, रेषेचा निर्णय ज्याच्या त्याच्या बाजूला ज्याने त्याने द्यायचा, पंच चार कोर्टांवर फिरतो आहे. पहिला सेट याने घेतला, दुसरा गेला. क्वालिफाइंगमध्ये तिसरा सेट खेळवत नाहीत, दहा गुणांचा टायब्रेक असतो. ८-८ असताना याची दुसरी सर्व्हिस रेषेवर पडली, समोरच्याने बोट वर करून आउट दिली, आणि पंच तिथपर्यंत चालत येईतो चेंडूची खूण दाखवायला तिथे काही नव्हते, कारण ते हार्ड कोर्ट होते. १०-८ ने हरला. त्या रात्री त्याने मला फोन करून चेंडूबद्दल एक शब्द काढला नाही, एवढेच विचारले की परतीचे तिकीट चार आठवड्यांनंतरचे आहे तर पुढच्या स्पर्धेपर्यंतचे सहा दिवस सराव कोणाबरोबर करायचा. प्रशिक्षक म्हणून मला वाटते की तो त्या रात्री व्यावसायिक झाला.

आता लोक मला विचारतात की पाचशेवा आणि दीडशेवा यांच्या खेळात असा काय फरक असतो. शेजारशेजारच्या कोर्टवर सराव करताना दोघांना पाहिले तर बाहेर बसलेल्या माणसाला तो दिसणार नाही. फोरहँडचा वेग सारखाच असतो, किंबहुना कधी पाचशेव्याचाच जास्त असतो. फरक दुसऱ्या सर्व्हिसवरच्या परतीच्या फटक्यात, ३०-३० वरच्या निवडीत आणि सलग तिसऱ्या दिवशी पायांत उरलेल्या ताकदीत असतो. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी शेजारी बसून रोज सांगणारा माणूस असला तर सुधारतात आणि तिसरी फिजिओने सुधारते. परंतु त्या माणसांचे तिकीट, खोली आणि मानधन भरायला तुमचा क्रमांक आधी दीडशे असावा लागतो. खालच्या फळीतल्या खेळाडूची खरी अडचण या चक्रात आहे.

सुमित नागलचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते आणि बहुतेक वेळा अर्धेच दिले जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये तो भारताचा पहिल्या क्रमांकाचा एकेरी खेळाडू असताना त्याने सांगितले होते की त्याच्या बँकेत ९०० युरो उरले आहेत, आणि एकच प्रशिक्षक सोबत घेऊन फिरायला वर्षाला ८० लाख ते एक कोटी रुपये लागतात. जानेवारी २०२४ मध्ये तो ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये क्वालिफाइंगमधून वर आला, पहिल्या फेरीत ३१ व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवले आणि दुसऱ्या फेरीचे १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळवले. फेब्रुवारीत चेन्नईचे चॅलेंजर जिंकून पहिल्या शंभरात गेला आणि जुलैमध्ये ६८ व्या क्रमांकावर पोहोचला. ही गोष्ट ऐकून मुलांना वाटते की आपणही एका जानेवारीच्या अंतरावर आहोत. बँकेत ९०० युरो असतानाही नागल पहिल्या दोनशेत होता, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या क्वालिफाइंगचा दरवाजा त्याला उघडा होता. तो दरवाजा साधारण सव्वादोनशे ते अडीचशेच्या आसपास बंद होतो.

एटीपीने २०२४ पासून बेसलाइन नावाची किमान उत्पन्नाची हमी सुरू केली. अटी पूर्ण करणाऱ्या खेळाडूला सुरुवातीच्या वर्षी पहिल्या शंभरात तीन लाख डॉलर, १०१ ते १७५ मध्ये दीड लाख आणि १७६ ते २५० मध्ये पंचाहत्तर हजार डॉलरपर्यंतची भरपाई ठरली. निर्णय चांगलाच आहे. पण तोही अडीचशेवर थांबतो.

मग पाचशेवा माणूस जगतो कसा? उन्हाळ्यात जर्मनी किंवा फ्रान्समधल्या क्लबांकडून लीगचे सामने खेळून, जिथे सामन्यागणिक ठरलेले पैसे मिळतात आणि क्वालिफाइंग वगैरे काही नसते. मात्र भारतीय पासपोर्टवर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, त्यामुळे ते दिवस लीगला द्यायचे की स्पर्धांना, हाही हिशेबच आहे. व्हिसासाठी पासपोर्ट तीन आठवडे एका वकिलातीत अडकला आणि तेवढ्या काळात दुसऱ्या देशातली कबूल केलेली स्पर्धा हुकली, हे आमच्याकडे दोनदा घडले. देशातल्या रोख बक्षिसांच्या स्पर्धा, मोठ्या खेळाडूंचा सराव-साथीदार होणे, घरी आल्यावर क्लबात शिकवणे, ही बाकीची साधने. दुहेरीकडे वळावे का, असे रोहन बोपण्णाचे नाव घेऊन विचारले जाते; तो २०२४ मध्ये ४३ व्या वर्षी जगात पहिला झाला हे खरेच थोर आहे, परंतु एम-१५ च्या दुहेरीत जिंकणाऱ्या जोडीला दोघांत मिळून ९३० डॉलर मिळतात, त्यामुळे खालच्या पायरीवर तो मार्ग स्वस्त नाही. नोकरीचे म्हणाल तर कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे रेल्वेच्या नोकरीत राहून २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकापर्यंत गेला, त्यामुळे आपल्याकडे तोच दाखला दिला जातो. नेमबाज मुख्यतः एका जागी सराव करतो. टेनिसपटू वर्षातले सहा महिने देशाबाहेर असतो, आणि खालच्या क्रमांकावर अशी रजा देणारी नोकरी फार थोड्यांना मिळते.

इथे एक अप्रिय बाब लिहिणे आवश्यक आहे. ज्या सामन्यात दीडशे डॉलर मिळतात त्याच सामन्यावर जगात कुठेतरी माणसे त्याहून कितीतरी मोठ्या रकमा लावत असतात, कारण खालच्या स्पर्धांचेही गुण क्षणाक्षणाला बाहेर जातात. हरल्यावर मुलाच्या इन्स्टाग्रामवर आईबहिणीच्या शिव्यांचे संदेश येतात ते याच लोकांचे. आणि कधीतरी हॉटेलच्या खाली चांगल्या कपड्यातला माणूस येऊन पहिला सेट सोडण्याचे वर्षभराच्या खर्चाएवढे पैसे देऊ करतो. नाही म्हणून निघून येणे पुरेसे नाही. विचारणा झाल्याचे आयटीआयए या सचोटी यंत्रणेला लगेच कळवले नाही तर तोही गुन्हा धरला जातो. खेळाडूने आणि त्याच्यासोबत अधिकृतपणे फिरणाऱ्या माणसांनी टेनिसवर पैज लावणे संपूर्ण निषिद्ध आहे, त्यात सोबत गेलेले वडीलही येतात. औषधांचेही तसेच. तालमीतला कोणी दिलेला शक्तीचा डबा किंवा जडीबुटीची पुडी, कितीही प्रेमाने दिलेली असो, बॅगेत जाता कामा नये.

तुमच्या मुलासाठी माझे मत अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसकडे झुकते. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळत २००७ आणि २००८ मध्ये सलग दोनदा एनसीएए या अमेरिकन कॉलेजांच्या स्पर्धेची एकेरी जिंकला आणि नंतर ६२ व्या क्रमांकापर्यंत गेला. आपल्या पुण्याची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला आणि अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला खेळून मग व्यावसायिक झाले; ऋतुजाने पुढे बोपण्णाबरोबर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्ण मिळवले. पुरुषांचे शरीर आणि डोके या खेळात उशिरा पिकते, आणि ती चार वर्षे प्रशिक्षक, फिजिओ, कोर्ट आणि दर आठवड्याला तगडे सामने, यांचा बहुतांश खर्च दुसऱ्याने उचलून मिळत असतील तर घरचे पैसे बाविसाव्या वर्षासाठी राखून ठेवता येतात. निर्णय मात्र लवकर घ्यावा लागतो, कारण बारावीनंतर नुसती वर्षे घालवली की तिथली खेळण्याची पात्रता कमी होत जाते.

तरीही मुलगा आताच उतरायचे म्हणाला तर रकमेची आणि वर्षांची हद्द निघण्यापूर्वी ठरवा, कारण हरून परत आलेल्या पोराच्या तोंडाकडे पाहून ती ठरवता येत नाही. पैसे मशीन शॉपच्या नफ्यातून आणि उसाच्या बिलातून वर्षाला जेवढे निघतात तेवढेच. रानाची गोष्ट निघाली की आपल्याकडे कोणीतरी खाशाबा जाधवांची आठवण काढतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले होते. त्या माणसापुढे मी हात जोडतो. पण ते कर्ज एका प्रवासासाठी होते, आणि टेनिसमध्ये हेलसिंकी दर सोमवारी येते.

तीन वर्षे धरा. पहिल्या वर्षाअखेर देशातल्या एम-१५ मध्ये क्वालिफाइंगमधून नियमित वर येऊन पहिले एटीपी गुण मिळालेले असावेत. दुसऱ्यात थेट मुख्य ड्रॉ आणि उपउपांत्य फेऱ्या. तिसऱ्यात एम-२५ मध्ये उपांत्य फेरी आणि चॅलेंजरच्या क्वालिफाइंगमध्ये शिरकाव. एखादे वर्ष दुखापतीत गेले तर मोजू नका. पण दुसऱ्या वर्षाअखेरही तो पहिल्या वर्षाच्या जागीच असेल तर तिसऱ्या वर्षाचे पैसे त्याच्या शिक्षणाला द्या आणि त्याला ते आधीच सांगून ठेवा.

या रविवारी सकाळी सहाला मुलाला घेऊन कोर्टवर या. येताना त्याने गेल्या बारा महिन्यांतल्या सर्व सामन्यांचे स्कोअर, हरलेलेही, स्वतःच्या हाताने लिहून आणावेत आणि पुढच्या वर्षाचे कॅलेंडर आखून आणावे: कोणत्या आठवड्यात कुठे, प्रवेशाची मुदत कधी संपते, व्हिसा कधी टाकायचा, कोणत्या आठवड्यात विश्रांती आणि प्रत्येकापुढे खर्च. तुम्ही त्यात मदत करू नका. त्याच्याशी बोलताना तासभर मी तुम्हाला कॅन्टीनला पाठवणार आहे.